स्फटिकाच्या उंबरठ्यावरची काच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. म्हणून यंदा विज्ञानातलाच विषय घ्यावा असं संयोजकांनी सुचवलं, आणि मी काचेचा घेतला. सगळ्याच काचेचा नव्हे, फ्लोराइडच्या काचेचा आणि तिच्या घराण्यातल्या काच-सिरॅमिकचा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश या काचेतून जितका लांबवर आरपार जातो, तितका खिडकीच्या काचेतून जात नाही. शस्त्रक्रियेतले लेसर, हवेतल्या वायूंची तपासणी, प्रकाशतंतू, अशा अनेक ठिकाणी ती हवी आहे. मग ती सगळीकडे का दिसत नाही? कारण ती तापवली की काच म्हणून टिकत नाही, तिचे स्फटिक होतात. तिला टिकवायचं कसं, आणि त्या कामाला आपला, नांदेड-लातूरचा, हात कुठे लागू शकतो, एवढंच आज बोलायचं आहे.

फ्लोराइड म्हटलं की नांदेडकरांना आधी पाणी आठवणार, आणि ते साहजिक आहे. किनवट भागात आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाऐवजी ग्रॅनाइटसारखे फार जुने खडक आहेत. त्यांतलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात. असं का होतं? फ्लोरिनला कॅल्शियमची विलक्षण ओढ आहे, आणि आपले दात-हाडं कॅल्शियमची. आता गंमत पाहा, याच दोघांचं संयुग, कॅल्शियम फ्लोराइड, शुद्ध स्फटिकाच्या रूपात मिळालं तर त्याच्यासारखं भिंग नाही. कॅननने १९६९ मध्ये कृत्रिम फ्ल्युओराइटचं भिंग बसवलेली लेन्स बाजारात आणली होती. या खनिजाचे साठे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आहेत, गुजरातेत आंबाडुंगरला त्याहून मोठे आहेत. म्हणजे हा पदार्थ आपल्याला परका नाही.

आता पहिला मुद्दा. काच म्हणजे काय?

आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, सावकाश निवला, आणि निवताना त्यातले अणू शिस्तीत रांगा लावून बसले. स्फटिक तयार झाले. तोच बेसॉल्ट लोणारला उल्कापाताच्या तडाख्यानं वितळला आणि झटकन गार झाला, तिथे त्याचे काचेचे थेंब सापडतात. दगड एकच. एकदा त्याला वेळ मिळाला, एकदा मिळाला नाही. ज्या द्रवाला रांगा लावायला वेळच मिळाला नाही, तो गोठला की काच होते. म्हणून प्रत्येक काचेत स्फटिक होण्याची ओढ शिल्लक असते. वाळूपासून, म्हणजे सिलिकेपासून, केलेल्या काचेत ही ओढ दबलेली राहते, कारण तिथे प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजन घट्ट धरून असतात, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो आणि सगळं मिळून एक जाळं होतं. ते वितळल्यावरही इतकं घट्ट असतं की अणूंना जागा बदलता येत नाही.

फ्लोराइडचं तसं नाही. फ्लोरिनला एकच हात. बंध सैल, वितळलेला रस पाण्यासारखा पातळ, आणि अणू मोकळे. निववायला जरा उशीर झाला की ते रांगा लावून बसलेच.

मग या काचेचा हट्ट कशासाठी? तिचा गुण आणि तिचा दोष यांचं मूळ एकच आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे. बंध सैल आणि अणू जड, म्हणून काचेतली कंपनं मंद. सिलिकेच्या काचेतली सर्वांत जोरकस कंपनं ११०० च्या आसपास मोजली जातात, सेंटिमीटरमागे किती लाटा या मापानं. झिर्कोनियम फ्लोराइडच्या काचेत ती जवळपास निम्मी, ५०० ते ६०० च्या दरम्यान. कंपनं मंद म्हणून अवरक्त प्रकाश शोषला जात नाही. सिलिकेचा प्रकाशतंतू दोन-अडीच मायक्रॉनच्या पुढे आंधळा होतो, फ्लोराइडचा तंतू चारपर्यंत पाहतो. दुसरा फायदा त्याहून मोलाचा. काचेत एर्बियमसारखं विरल मृदा मूलद्रव्य मिसळलं आणि त्याला ऊर्जा दिली, तर सिलिकेत ती ऊर्जा कंपनांतून उष्णता होऊन वाया जाते. फ्लोराइडमध्ये ती प्रकाश होऊन बाहेर पडते. म्हणून २.८ मायक्रॉनचा एर्बियम तंतू-लेसर फ्लोराइडच्या काचेत चालतो. पाणी तीन मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश अधाशासारखं पितं, आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच, त्यामुळे शल्यचिकित्सकांना हा पट्टा महत्त्वाचा वाटतो. पण हा सैलपणा ठेवला की स्फटिकाची भीती आली, आणि घालवला की गुणही गेला. एक ठेवून दुसरं घालवायचं कसं? पन्नास वर्षं जगभरचे लोक याच पेचाशी झुंजत आहेत.

पन्नास वर्षं, कारण ही काच जन्मली १९७४ साली, फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात. मिशेल आणि मार्सेल पुलाँ हे बंधू आणि जाक लुका हे निओडिमियम घातलेले नवे फ्लोराइड स्फटिक शोधत होते. हाती आला तो तुकडा स्फटिक नव्हता, काच होती. आणि त्यांनी तो फेकून दिला नाही! रेन हे काही पॅरिस नव्हे, प्रांतातलं शहर आहे. हे मी नांदेड आणि लातूरच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगतो.

दुसरा मुद्दा, टिकाऊपणा मोजायचा कसा.

घरात कंदील वापरलेली पिढी इथे बसली आहे. तळेगावला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून काचेचा कारखाना उभा राहिला, पुढे १९१६ साली कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर पोचला. त्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकायची. उष्णतेपुढे काच हरते ती अशी, असं आपल्याला वाटतं. तो प्रश्न प्रसरणाचा आहे, आणि आजचा प्रश्न तो नाही. फ्लोराइडची काच तापवताना तडकली नाही तरी आतून दुधाळ होते, कारण तिच्यात स्फटिक उगवतात. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीनं ती त्या क्षणी मेली.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं? काचेचा जेमतेम वीस मिलिग्रॅमचा कण एका इवल्या भांड्यात ठेवतात, शेजारच्या भांड्यात तुलनेसाठी काहीच न होणारा पदार्थ. दोन्ही मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायची आणि उष्णतेतला फरक आलेखावर उतरवत जायचं. बराच वेळ रेघ सरळ चालते. मग किंचित खाली एक पायरी उतरते, तिथे काच मऊ पडली. पुन्हा सरळ. मग एकाएकी टोकदार सुळका उभा राहतो, कारण अणूंनी रांगा लावल्या आणि उष्णता बाहेर टाकली. शेवटी खोल खड्डा, तिथे स्फटिक वितळले. पायरी आणि सुळका यांच्यामधलं अंतर म्हणजे आपल्याला काम करायला मिळालेली फट. चेक संशोधक ह्रुबी यांनी १९७२ मध्ये वितळणबिंदूही हिशेबात घेऊन याचं एक गुणोत्तर दिलं, ते आजही वापरतात.

आकडे सांगतो. सर्वांत गाजलेली फ्लोराइड काच म्हणजे झिब्लान. शंभर रेणूंत झिर्कोनियम फ्लोराइड ५३, बेरियमचं २०, लँथॅनमचं ४, ॲल्युमिनियमचं ३ आणि सोडियमचं २०. ती साधारण २६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि सुमारे शंभर अंश पुढे स्फटिक होऊ लागते. तंतू ओढायचा तो तीनशेच्या थोडं वर, या अरुंद पट्ट्यात. सिलिकेचा तंतू दोन हजार अंशांच्या आसपास ओढतात आणि तिथे ही चिंता नसते. त्यातून झिब्लानचा घट्टपणा तापमानाबरोबर इतक्या झपाट्यानं घसरतो की भट्टी पाच-दहा अंश इकडेतिकडे झाली की तंतूची जाडी बदलते.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक सावधगिरी. या फटीच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. तापवण्याचा वेग वाढवला की सुळका पुढे सरकतो आणि काच उगाच टिकाऊ भासते. तीच काच भुकटी करून तापवली तर पृष्ठभाग वाढल्यामुळे बहुधा स्फटिक लवकर येतात. मग दोन वेगळ्या वेगांनी काढलेल्या आकड्यांची तुलना करून कोणती काच सरस हे ठरवायचं, याला काय अर्थ? खरी परीक्षा साधी आहे. तंतू ओढण्याच्या तापमानाला काच तासभर ठेवा आणि मग तिच्यातून प्रकाश पाहा. माझं स्पष्ट मत आहे की नव्या काचेच्या प्रत्येक शोधनिबंधात ही परीक्षा असली पाहिजे.

तिसरा मुद्दा, फट रुंद करण्याचे उपाय.

पहिला उपाय प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरात आहे. आपला भाग उसाचा, पाकाची माहिती इथे सांगायला नको. पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. आंबटपणामुळे साखरेचे काही रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि अशी मिसळ झाली की साखरेच्या रेणूंना एकसारखी रांग लावता येत नाही. झिब्लानमध्ये पाच फ्लोराइडं आहेत ती याचसाठी. रेनच्या सुरुवातीच्या काही काचांत थोरियम होतं. ते किरणोत्सारी म्हणून गेलं, लँथॅनम आलं. मग ॲल्युमिनियम फ्लोराइडचे तीन-चार टक्के घातले आणि काच एकदम सुधारली. पुढे सोडियम आलं. वेगवेगळ्या आकाराचे अणू एकत्र कोंडले की कोणत्याच स्फटिकाला सोयीची मांडणी मिळत नाही. पण प्रमाण चुकवून भागत नाही. ॲल्युमिनियम हवं तेवढंच, जास्त झालं की तेच आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं.

दुसरा उपाय कोरडेपणाचा. पाण्याची वाफ फ्लोराइडला लागली की फ्लोरिन जातं आणि ऑक्सिजन त्याची जागा घेतो. झिर्कोनियम ऑक्साइडचा सूक्ष्म कण काचेत राहिला की तोच स्फटिकाचं बीज होतो. म्हणून ही काच हवाबंद, कोरड्या पेटीत, प्लॅटिनमच्या किंवा काचसदृश कार्बनच्या मुशीत वितळवतात, आणि राहिलेला ऑक्सिजन काढायला अमोनियम बायफ्लोराइड घालतात. श्रावण-भाद्रपदातली आपली हवा आठवा, म्हणजे हे काम किती जिकिरीचं आहे ते कळेल.

तिसऱ्या उपायावर फार थांबत नाही, कारण तो आपल्या आवाक्यातला नाही. नासाच्या मार्शल केंद्रात डेनिस टकर यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की गुरुत्वाकर्षण जवळपास नसताना झिब्लानमध्ये स्फटिक होणं रोखलं जातं. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ११ किलोमीटरांहून जास्त झिब्लान तंतू ओढला गेला. कागदावरच्या हिशेबानं या तंतूतला प्रकाशाचा ऱ्हास सिलिकेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असायला हवा. पृथ्वीवर तो कधी गाठता आला नाही, म्हणून ही धडपड.

आणि आता चौथा मुद्दा. माझा सगळा भर याच्यावर आहे. आजवर आपण स्फटिकाला दूर ठेवत होतो. त्यालाच कामाला लावलं तर?

१९५३ साली अमेरिकेत कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टुकी काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवत होते. भट्टी बिघडली आणि ९०० पर्यंत गेली. काच वितळून गेली असेल असं त्यांना वाटलं. ती वितळली नव्हती, पांढरी आणि कमालीची चिवट झाली होती, कारण आत सगळीकडे बारीक स्फटिक दाटले होते. काच-सिरॅमिकचा उद्योग तिथून सुरू झाला. दुर्बिणींच्या आरशांसाठी वापरतात ते झेरोडूर याच जातीचं.

पण ते पांढरं होतं. आपल्याला पारदर्शक हवं. स्फटिक प्रकाश विखुरतात, आणि विखुरण्याचं प्रमाण त्रिज्येच्या सहाव्या घातानं वाढतं. आकार निम्मा केला तर एका कणामागचं विखुरणं चौसष्टपट कमी होतं. म्हणजे स्फटिक वीस-तीस नॅनोमीटरच्या आत ठेवले की काच डोळ्यांना स्वच्छच दिसते. १९९३ साली जपानमध्ये वांग आणि ओहवाकी यांनी नेमकं हे केलं. सिलिका आणि ॲल्युमिनाच्या मजबूत काचेत शिसं आणि कॅडमियमचं फ्लोराइड विरघळवलं, एर्बियम-यटर्बियम घातलं, मग काच मऊ पडण्याच्या तापमानाच्या जवळ शेकत ठेवली. आत फ्लोराइडचे नॅनोस्फटिक उगवले, आणि विरल मृदांचे अणू आपणहून त्यांच्यात जाऊन बसले. बाहेरची तटबंदी ऑक्साइडची, आतलं घर फ्लोराइडचं. गुण आणि दोष यांची फारकत इथे झाली! न दिसणारा अवरक्त प्रकाश आत सोडला की हिरवा-तांबडा उजेड बाहेर येतो, आणि ही काच पाण्यानंही बिघडत नाही. आज शिसं-कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं टाळून कॅल्शियम, लँथॅनम, बेरियम यांच्या फ्लोराइडवर काम चालतं.

इथे टिकाऊपणाला दोन तोंडं आहेत. वितळवून ओतताना स्फटिक येता कामा नयेत, आणि नंतर शेकताना ते हवे तेवढेच आले पाहिजेत. हे दोन्ही साधतं कसं? जर्मनीत येना इथे ख्रिश्चन र्‍यूसेल यांनी याचा खुलासा केला. फ्लोराइड स्फटिकात गेलं की त्या कणाभोवतीच्या काचेतून ते वजा होतं, तिथे सिलिका दाटते, आणि तो पापुद्रा इतका घट्ट होतो की पुढचं फ्लोराइड आत येऊच शकत नाही. स्फटिकाची वाढ आपोआप थांबते. टिकाऊपणाचा याहून नेटका बंदोबस्त मला माहीत नाही. मात्र याच काचेचा तंतू ओढायला गेलं की पुन्हा तापवावं लागतं, आणि स्फटिक एक तर विरघळतात किंवा माजतात. तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

तुम्ही विचाराल, या सगळ्याचा मराठवाड्याशी संबंध काय?

संबंध औंढा नागनाथला आहे. हिंगोली जिल्ह्यात, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना शुद्ध सिलिकेचे प्रत्येकी चाळीस किलोंचे आरसे. ती फ्लोराइडची काच नव्हे, हे खरं. पण आरशावरचा लेप पाहा. सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे एकाआड एक पातळ थर, तेही काचेसारखे, रांगा न लावलेले. त्यांतल्या अणूंची अस्वस्थ हालचाल गुरुत्वीय लहरी ऐकण्याच्या आड येते. लेप शेकला तर ती कमी होते. जास्त शेकावा तर स्फटिक होतात आणि प्रकाश विखुरतो. मग उपाय काय? टँटलममध्ये दुसऱ्या धातूचं ऑक्साइड मिसळून पाहायचं. झिर्कोनियमचं मिसळलं तर लेप आणखी वरच्या तापमानापर्यंत स्फटिकाविना टिकतो. म्हणजे झिब्लानचीच अडचण, आणि मिसळण्याची तीच युक्ती. जगातल्या मोजक्या जागी हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे, आणि त्यांतली एक जागा आपल्या विद्यापीठाच्या हद्दीत येते आहे. तिथे काम करायला काच समजणारी माणसं लागतील. ती मुंबई-पुण्याहूनच यावीत, असा काही नियम आहे का?

मी अवास्तव मागत नाही. शुद्ध फ्लोराइडची काच करायला कोरडी पेटी आणि प्लॅटिनम लागतं, तिथून सुरुवात करू नये. ऑक्साइड-फ्लोराइडची काच उघड्या हवेत, ॲल्युमिनाच्या झाकणाच्या मुशीत, चौदाशे-पंधराशे अंशांना वितळते. फ्लोरिनयुक्त वायू निघतो, तो विषारी आहे, म्हणून धूर ओढून घेणारं पक्कं कपाट आधी आणि भट्टी नंतर, यात तडजोड नको. मग वितळलेली काच पितळी पाट्यावर ओतायची, शेकायची, आणि आलेखावरची ती पायरी आणि तो सुळका वाचायला शिकायचं. एम.एस्सी.चा विद्यार्थी एका सत्रात हे शिकू शकतो. कॅल्शियमच्या जागी थोडं बेरियम घातलं तर फट किती रुंदावते, शेकण्याचा काळ दुप्पट केला तर स्फटिक केवढे होतात, असे शेकडो छोटे, खरे प्रश्न पडून आहेत. त्यांतल्या एकेकाचं उत्तर जगाला हवं आहे.

लातूरची मुलं परीक्षेत राज्यात पुढे असतात, हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांतली बहुतेक वैद्यकीय आणि अभियांत्रिकीकडे जातात, त्यांना माझ्या शुभेच्छा आहेत. पण ज्यांना पदार्थविज्ञान मनापासून आवडतं, त्यांनी घरच्यांच्या धाकापायी ते सोडू नये, आणि आईवडिलांनीही तशी सक्ती करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि विद्यापीठाच्या धुरिणांना, इथल्या प्राचार्यांना माझं सांगणं आहे की नांदेडचा मुख्य परिसर आणि लातूरचा उपपरिसर मिळून काचेची एक सामाईक प्रयोगशाळा उभी करा. एक भट्टी, धुराचं एक कपाट, उष्णतेचा आलेख काढणारं एक यंत्र, आणि तिथेच राहून काम करणारा एक माणूस, एवढ्याची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करा. औंढ्याचे आरसे टांगले जाण्याआधी आपली मुलं तयार झाली पाहिजेत.